‘जसे आहे जेथे आहे’ : लिलावातल्या घराबद्दल बँकेनं किती सांगायचं?

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांच्या चौकटी असतात. वर बँकेचं नाव, मध्ये ‘ताबा सूचना’ किंवा ‘ई-लिलाव विक्री सूचना’, खाली कर्जदार, जामीनदार, फ्लॅटचा नंबर, चतुःसीमा आणि राखीव किंमत. बहुतेक वाचक पान उलटतात. घर शोधणारे मात्र हल्ली तिथे थांबायला लागलेत, कारण याच चौकटी रंगीत होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येतात : ‘कल्याणला टू बीएचके, बँक लिलाव, बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त, क्लिअर टायटल’.

मूळ चौकट नीट वाचली की त्यात दोन वाक्यं सापडतात. एक म्हणजे मालमत्ता ‘जसे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. दुसरं, ‘ज्ञात बोजा : निरंक’. पहिल्या वाक्यात बँक सांगते की आम्ही कशाचीही हमी घेत नाही. दुसऱ्यात सांगते की आमच्या माहितीत तरी काही अडचण नाही. घेणाऱ्यानं यातलं कोणतं धरून चालायचं? आणि बँकेला अडचण ठाऊक असूनही तिनं ‘निरंक’ छापलं असेल, तर?

घर बँकेकडे येतं कसं

हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की कर्जखातं अनुत्पादित ठरतं. मग बँक २००२च्या सरफेसी कायद्याखाली कर्जदाराला नोटीस देते आणि ६० दिवसांत सगळी रक्कम भरायला सांगते. कर्जदारानं लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत तिचं उत्तर द्यावं लागतं. पैसे आले नाहीत की बँक घराचा ताबा घेते, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून घेते, राखीव किंमत (जिच्याखाली बोली घेतली जात नाही ती) ठरवते आणि लिलाव पुकारते. या सगळ्यात दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. कायद्याची सगळी ताकद इथेच आहे. बँकेच्या वतीनं हे काम करणाऱ्याला ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणतात.

सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०२०मध्ये ‘आहे’ असं उत्तर दिलं. म्हणून आपल्याकडच्या चौकटींत राष्ट्रीयीकृत बँकांच्या शेजारी नागरी सहकारी बँकाही दिसतात. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही.

आणखी एक शब्द इथेच समजून घेऊ, कारण तो पुढे सारखा येणार आहे. ‘बोजा’ म्हणजे त्या घरावर असलेला दुसऱ्या कुणाचा तरी हक्क किंवा येणं. दुसरं गहाण, कराची थकबाकी, जप्ती, भाडेकरूचा हक्क, कोर्टातला दावा असं काहीही त्यात येऊ शकतं.

विकणाऱ्यानं त्या घरात एक रात्रही काढलेली नाही

एरवी घर विकणारा माणूस त्या घरात राहिलेला असतो. पावसात कोणती भिंत ओल धरते, वरच्या मजल्याशी भांडण कशावरून झालं, हे त्याला पाठ असतं. म्हणूनच १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यावर थेट जबाबदारी टाकतं : घरात किंवा तुमच्या मालकी हक्कात असा महत्त्वाचा दोष असेल, जो तुम्हाला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर तो तुम्ही सांगितलाच पाहिजे. अर्थात दोघांमध्ये वेगळा करार ठरला नसेल तर.

बँकेचं तसं नाही. फायनान्सवाल्यांनी हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या दुचाकी यार्डात ओळीनं उभ्या असतात, तसं हे आहे. यार्डातल्या माणसानं ती गाडी कधी चालवलेली नसते. ती किती पडली, इंजिन कधी उघडलं, त्याला काय ठाऊक? तो म्हणतो, समोर आहे ती बघा आणि बोली लावा. त्याचं म्हणणं रास्तच आहे. मात्र त्याच्या खणात त्या गाडीचा अपघाताचा पंचनामा पडलेला असेल, तर ‘मला काय ठाऊक’ हे उत्तर रास्त राहत नाही. लिलावातल्या घरांचा सगळा प्रश्न त्या खणाचा आहे.

या तत्त्वाखाली नेमकं काय जातं

‘जसे आहे जेथे आहे’ ही नुसती छापील सवय नाही, तिला कायद्यात वजन आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३मध्ये केरळ राज्य विद्युत मंडळाच्या खटल्यात तिचा अर्थ सविस्तर सांगितला. लिलावात मालमत्ता घेतलेल्या लोकांकडून वीज मंडळ जुन्या मालकाची थकबाकी मागत होतं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : या अटीवर बोली लावणाऱ्याला आधीच सूचना मिळालेली असते की वीज, सेवाशुल्क, स्थानिक कर अशा थकबाकीची जबाबदारी विकणारा घेत नाही. आणि वीज नियमांत तशी तरतूद असेल तर वितरण कंपनी नव्या मालकाला जोडणी देण्याआधी जुनं बिल मागू शकते. महाराष्ट्रात त्यातल्या त्यात दिलासा आहे. वारसदार सोडून इतर नव्या मालकाकडून इथे जास्तीत जास्त ६ महिन्यांची थकबाकी मागता येते.

म्हणजे शोधाशोध करण्याचं ओझं या अटीमुळे घेणाऱ्याच्या खांद्यावर जातं. घराची अवस्था, क्षेत्रफळातला फरक, गळती, थकलेली बिलं यांबद्दल नंतर बँकेच्या दारात जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

मग बँकेनं गप्प बसलं तरी चालतं?

नाही, आणि हीच गोष्ट बोली लावणाऱ्यांपर्यंत पोचत नाही.

सरफेसी कायद्याबरोबर २००२चेच अंमलबजावणीचे नियम आहेत. त्यांतल्या नियम ८प्रमाणे विक्रीची सूचना दोन प्रमुख वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं हवं. शिवाय ती मालमत्तेवर ठळक जागी चिकटवायची आणि सविस्तर अटी बँकेच्या संकेतस्थळावर टाकायच्या. या अटींमध्ये मालमत्तेचं वर्णन ‘बँकेला ज्ञात असलेल्या बोजांसह’ द्यावं लागतं. मालमत्तेचं स्वरूप आणि मूल्य कळण्यासाठी घेणाऱ्याला आणखी जे जाणून घेणं गरजेचं आहे असं अधिकाऱ्याला वाटेल, तेही त्यात द्यायचं असतं.

म्हणजे ‘जसे आहे जेथे आहे’ ही अट बँक स्वतः घालते आणि ज्ञात बोजा सांगण्याचं बंधन तिच्यावर नियम घालतो. स्वतःच घातलेल्या अटीनं नियमाचं बंधन पुसलं जात नाही.

हे न्यायालयात घासून झालेलं आहे. डिसेंबर २००९मध्ये हरियाणा फायनान्शियल कॉर्पोरेशन या वित्त महामंडळाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. तिथे घर नव्हतं, कारखाना होता आणि लिलावही दुसऱ्या कायद्याखालचा होता, पण मुद्दा तोच. लिलावात बोली जिंकलेल्या माणसाला नंतर कळलं की कारखान्याकडे जायला स्वतंत्र वाटच नाही. त्यानं उरलेले पैसे भरायला नकार दिला, महामंडळानं भरलेली रक्कम जप्त केली. न्यायालयानं कलम ५५चा आधार घेतला आणि म्हटलं की वाट नाही ही बाब महामंडळानं सांगायला हवी होती. ती न सांगता घेणाऱ्यालाच दोष देऊन पैसे ठेवून घेता येणार नाहीत. पैसे परत करण्याचा आदेश कायम झाला.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की रेघ दिसते. जे कुणालाही चौकशी करून कळू शकतं, ते घेणाऱ्यानं शोधायचं. जे विकणाऱ्याच्या कागदात आहे आणि बाहेरच्याला सहज दिसणार नाही, ते विकणाऱ्यानं सांगायचं. मधला पट्टा धूसर आहे आणि बहुतेक खटले त्या पट्ट्यातच होतात.

‘ज्ञात’ म्हणजे कुणाला ज्ञात?

नियमात ‘ज्ञात’ हा शब्द आहे म्हणून बँका त्याच्या आडोशाला उभ्या राहतात. पण बँकेच्या फाइलीत काय काय असतं ते बघा. कर्ज देताना पॅनेलवरच्या वकिलानं केलेला टायटल सर्च म्हणजे मालकी हक्काचा शोध, मूल्यांककाचे किमान दोन अहवाल (एक कर्जाच्या वेळचा, एक लिलावाआधीचा), सोसायटीचं ना-हरकत पत्र, कर्जदाराच्या लेखी हरकती, ताब्यासाठी जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज, आणि प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात म्हणजे डीआरटीत गेलं असेल तर तिथली कागदपत्रं. मूल्यांककाच्या अहवालात ‘गच्चीवरची खोली मंजूर नकाशात नाही’ किंवा ‘आत तिसरीच व्यक्ती राहत असल्याचं आढळलं’ असा शेरा असू शकतो. एवढं सगळं हाताशी असताना छापलेलं ‘निरंक’ मला त्या चौकटीतलं सर्वांत संशयास्पद अक्षर वाटतं.

याचा अर्थ बँका ठरवून फसवतात असा नाही. बहुतेक वेळा मागच्या लिलावाची सूचना उघडून नाव-पत्ता बदलला जातो आणि ‘निरंक’ तसंच राहतं. कर्ज देणारा शाखाधिकारी केव्हाच बदलून गेलेला असतो, लिलाव वसुली विभाग करतो, मूल्यांककाचा अहवाल तिसऱ्याच टेबलावर असतो. कर्जच मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं गेलं असेल तर माहिती आणखी विरळ होते. बँक ही एकच कायदेशीर व्यक्ती असली तरी तिच्या एका हाताला ठाऊक असलेलं दुसऱ्या हाताला कळतंच असं नाही. पण हा बँकेच्या घरातला प्रश्न आहे. त्याची किंमत बोली लावणाऱ्यानं का मोजायची?

सर्वांत जास्त काय झाकलं जातं : ताबा

सूचनेत ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द दिसले तर सावध व्हा. याचा अर्थ बँकेनं दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रात छापली, आणि कागदावर ताबा घेतला. आत माणसं राहताहेत. मुलं तिथूनच शाळेत जाताहेत. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणजे कुलूप बँकेचं. या दोन परिस्थितींत खरेदीदाराच्या आयुष्यातल्या काही महिन्यांचा, कधी काही वर्षांचा फरक असतो. तरी अनेक सूचनांत नुसतं ‘ताबा घेतला आहे’ एवढंच असतं आणि रंगीत जाहिरातीत तर तेही नसतं.

सांकेतिक ताब्यातलं घर आतून बघायलाही मिळत नाही. ‘पाहणीची तारीख’ छापलेली असते. त्या दिवशी तुम्हाला इमारत, जिना आणि बंद दार दिसतं.

आत कर्जदार राहत असेल तर प्रश्न वेळेचा असतो. आत भाडेकरू असेल तर प्रश्न हक्काचा होतो. जानेवारी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका प्रकरणात ठरवलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९खालच्या संरक्षित भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येणार नाही. मग खोट्या, मागल्या तारखेच्या भाडेकरारांची भीती उभी राहिली. सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयानं त्याला लगाम घातला : भाडेकरार गहाणाच्या आधीचा असल्याचं भाडेकरूला दाखवावं लागेल आणि नुसत्या तोंडी कराराला नोंदणीकृत कराराइतकं संरक्षण मिळणार नाही. आता भाडेकरू खरा की उभा केलेला, हे ठरवायला वेळ जातो आणि तेवढा काळ तुमचा गृहकर्जाचा हप्ता चालू असतो. आत कोण राहतं आणि कोणत्या कागदावर, हे बँकेला ताबा नोटीस लावताना कळलेलं असतं. एवढी एक ओळ सूचनेत आली तर निम्मे तंटे टळतील असं मला वाटतं.

सोसायटी, पालिका आणि विक्रीकर

सोसायटीची थकबाकी बहुधा मोठी निघते, कारण ज्याचे हप्ते थकले त्याचा मेंटेनन्सही थकलेला असतो. आदर्श उपविधींप्रमाणे त्यावर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत आलं आहे. थकबाकी मिटेपर्यंत सोसायट्या नव्या मालकाला सभासद करून घ्यायला तयार नसतात. बँक म्हणते हे आमचं देणं नाही, सोसायटी म्हणते आमचं येणं आहे. दोघंही आपापल्या जागी ठाम असतात आणि मध्ये तुम्ही.

मालमत्ता कराचं थोडं गुंतागुंतीचं आहे. पालिका कायद्यांत हा कर मालमत्तेवरचा पहिला बोजा मानला जातो. तरी अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७१मध्ये म्हटलं होतं की न्यायालयीन लिलावात घर घेणाऱ्याला थकबाकीची कल्पनाच नसेल, तर जुना कर त्याच्या डोक्यावर बसवता येणार नाही. म्हणजे तिथेही ‘कळवलं होतं का’ हाच प्रश्न निर्णायक ठरला. आजच्या सूचनांत ‘सर्व वैधानिक देणी खरेदीदारानं भरावीत’ असं सर्रास छापलेलं असतं आणि त्यामुळे कल्पना नव्हती हा बचाव फारसा उरत नाही. आकडा मात्र कुणी छापत नाही.

विक्रीकर किंवा तत्सम सरकारी येणं असेल तर बँकेची बाजू आता भक्कम आहे. २४ जानेवारी २०२०पासून लागू झालेल्या, सरफेसी कायद्याच्या कलम २६ईप्रमाणे केंद्रीय नोंदणीत, म्हणजे सेरसाईत, गहाण नोंदवलेल्या बँकेला सरकारी करांच्या आधी पैसे मिळतात. जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ऑगस्ट २०२२मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. घर घेणाऱ्यानं त्यामुळे निर्धास्त व्हावं असं नाही. आधीची जप्ती नोंदलेली असेल तर ती उठवून घ्यायचे हेलपाटे त्यालाच घालावे लागू शकतात.

‘पण स्वस्त मिळतंय ना, मग थोडी जोखीम आलीच’

हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो. लिलावाचं घर स्वस्त जातं कारण त्यात अनिश्चितता असते, हेही खरं. पण त्या अनिश्चिततेचे दोन भाग पाडून बघा. एक भाग कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टींचा, दुसरा बँकेला ठाऊक असलेल्या पण न सांगितलेल्या गोष्टींचा. पहिल्यासाठी किंमत कमी होणं साहजिक आहे. दुसऱ्यापायी होते ती निव्वळ नासाडी.

ती नासाडी कुणाची होते? चटकन वाटतं, बँकेची. पण सरफेसी कायद्यानुसार लिलावात येणं भागून वर काही उरलं तर ते कर्जदाराला परत द्यायचं असतं आणि कमी पडलं तर उरलेली रक्कम बँक कर्जदाराकडूनच वसूल करू शकते. म्हणजे धूसर सूचनेमुळे घर ५ लाखांनी कमी गेलं, तर ते ५ लाख शेवटी घर गमावलेल्या कुटुंबाच्याच खिशातून जातात. घर गेलं तरी कर्ज उरतं, आणि जामीनदार म्हणून सही केलेला मेहुणा किंवा सहकारी त्यात ओढला जातो. घेणाऱ्यांच्या हक्कांबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण सूचना स्पष्ट असण्यात कर्जदाराचाही तेवढाच फायदा आहे. बोली लावणाऱ्यांना काय मिळणार आहे हे कळलं की ते जास्त संख्येनं येतात आणि जास्त देतात.

माहीतगार सटोडिये मात्र धूसर सूचनेवरच जगतात. त्यांचा वसुली विभागात, सोसायटीत, तालुक्याच्या कार्यालयात वावर असतो. त्यांना आतली परिस्थिती कळते, घर शोधणाऱ्या शिक्षकाला किंवा नर्सला ती कळत नाही. सगळ्यांसाठी एकच सूचना छापायची ती ही दरी बुजवण्यासाठीच.

‘सगळं शोधून सांगायचं म्हटलं तर वसुलीच थांबेल’

बँकांची ही हरकत खोटी नाही. ठेवीदारांचे पैसे अडकलेले असतात आणि कर्जदार अनेकदा मुद्दाम माहिती दडवून ठेवतात. प्रत्येक फ्लॅटचं बांधकाम-परीक्षण करून मगच लिलाव करा असं कुणी म्हणत नाही, नियमही म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की फाइलीत आधीच असलेलं बाहेर यावं : ताबा कोणत्या प्रकारचा, आत कोण, डीआरटीत काही प्रलंबित आहे का, सोसायटीनं थकबाकी कळवली असेल तर तिचा आकडा, मूल्यांककाचे प्रतिकूल शेरे. हे लिहायला एका अधिकाऱ्याची एक दुपार पुरते. उलट दडवलेल्या बाबीवरून विक्री रद्द झाली तर बँकेलाच पैसे परत द्यावे लागतात आणि सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२३मध्ये बँकांना, सरफेसीखाली ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी संकेतस्थळावर टाकायला आणि दर महिन्याला अद्ययावत करायला सांगितलं. सरकारी बँकांचे लिलाव ‘बँकनेट’ या एका पोर्टलवर दिसू लागले आहेत. घर कुठे आहे हे त्यामुळे कळतं. घरात काय आहे हे कळायला अजून फाइलीवाल्या माणसालाच विचारावं लागतं.

आधी विचारा, कारण नंतर घड्याळ फार जोरात पळतं

बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते, त्यात आधी भरलेली अनामत धरली जाते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण ३ महिन्यांच्या पलीकडे नाही. नाही भरले तर आधीची रक्कम जप्त. फेब्रुवारी २०२४मध्ये सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशी सुमारे ३ कोटी रुपयांची संपूर्ण जप्ती योग्य ठरवली. बोली १२ कोटी २७ लाखांची होती. बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हा मुद्दा तिथे उपयोगी पडला नाही. गृहकर्ज मंजूर व्हायला उशीर लागला, ही सबब तर अजिबातच चालत नाही. पैसे भरून झाल्यावर शंका काढायला इथे जागाच नसते.

म्हणून प्रश्न बोलीआधी, आणि लेखी. प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करा : ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष, आत कोण राहतं आणि कोणत्या हक्कानं, डीआरटीत किंवा इतर न्यायालयात दावा आहे का, मूल्यांकन अहवाल बघायला मिळेल का, सोसायटीची आणि कराची थकबाकी बँकेला कळवली गेली आहे का. उत्तर ‘जसे आहे जेथे आहे’ एवढंच आलं तरी तो ईमेल जपून ठेवा. उद्या बँकेच्या फाइलीतून तीच माहिती निघाली, तर तुम्ही विचारलं होतं आणि बँकेनं सांगितलं नव्हतं हे त्यावरून दिसेल. एजंट तोंडी ‘क्लिअर टायटल’ म्हणाला होता, याचा मात्र काडीचा उपयोग नाही. त्याच्या शब्दानं बँक बांधली जात नाही.

पायपीटही करावी लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. थकबाकीचा आकडा ते बहुधा आनंदानं सांगतात, वसुलीची त्यांनाही घाई असते. वॉचमनकडे दोन मिनिटं थांबा, वर कोण राहतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदी आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) बघा, सेरसाईवर शोध घ्या, पालिकेच्या पोर्टलवर कराची आणि ग्राहक क्रमांकावर विजेची थकबाकी तपासा, डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावानं प्रकरण आहे का ते बघा. भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही हे विसरू नका. बँकेनं कर्ज दिलं होतं म्हणजे ते असणारच, हा भाबडेपणा आहे.

डीआरटीचा मुद्दा दोन कारणांनी महत्त्वाचा. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत तिथे दाद मागता येते आणि कारवाई बेकायदा ठरली तर न्यायाधिकरण घर कर्जदाराला परत द्यायला सांगू शकतं. पैसे भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क मात्र २०१६च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सांगितलं.

विक्री प्रमाणपत्र हाती आलं की आधी एक ओळ शोधा

सगळे पैसे भरल्यावर बँक विक्री प्रमाणपत्र देते. ही मालमत्ता बँकेला ज्ञात असलेल्या बोजांपासून मुक्त आहे की नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं पाहिजे, असं नियम ९ सांगतो. ती ओळ नसेल किंवा गुळमुळीत असेल तर प्रमाणपत्र दुरुस्त करून मागा. बोजा ज्ञात असेल तर तो फेडण्यापुरती रक्कम बँकेकडे जमा करून घर मोकळं करून घेण्याची सोयही याच नियमात आहे, पण ती फार थोड्यांना माहीत असते.

हे प्रमाणपत्र घेऊन काही लोक दोन-तीन वर्षांनी तेच घर नफ्यात विकायला काढतात. तेव्हा विकणारा बदललेला असतो. बँकेची अट आता तुमच्या कामाची नाही, कारण तुम्ही साधा मालक म्हणून विकता आणि कलम ५५ तुम्हाला पूर्ण लागू होतं. घर लिलावातून आलं आहे, जुन्या मालकाचं डीआरटीतलं प्रकरण अजून चालू आहे, वरच्या खोलीला परवानगी नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल तर घेणाऱ्याला सांगावं लागेल. चालू दाव्यातली मालमत्ता घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो, त्यामुळे न सांगितल्याचा फटका थेट त्याला बसतो. त्याचा वकील सर्च काढेलच आणि त्यात विक्री प्रमाणपत्र दिसेलच. बँकेच्या सूचनेची मूळ प्रत, तुमचे ईमेल, सोसायटीची थकबाकी फेडल्याची पावती आणि प्रत्यक्ष ताबा मिळाल्याचा पंचनामा हे सगळं एका फाइलीत ठेवलं असेल तर तो व्यवहार सरळ होतो. नसेल, तर तुम्ही ज्या नजरेनं बँकेकडे बघितलं होतं, त्याच नजरेनं घेणारा तुमच्याकडे बघणार, आणि किंमतही त्याच हिशेबानं सांगणार.